किती वेळा पडली, हे विचारा

गेल्या मे महिन्यात आमच्या पंचक्रोशीत ज्येष्ठांसाठी आरोग्य शिबिर झालं. शाळेच्या वर्गात, सपाट फरशीवर, हात असलेली एक खुर्ची मांडली होती आणि तिच्यापासून तीन मीटरवर खडूची रेघ ओढली होती. खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. शेजारी उभी असलेली मुलगी मोबाइलवर सेकंद मोजत होती. साडेतेरा सेकंदांच्या आत जो आला त्याला हिरवं कार्ड, ज्याला जास्त लागले त्याला लाल. माझी आई ७८ वर्षांची. तिला ११ सेकंद लागले. हिरवं कार्ड तिनं घरी आणून देवाच्या फळीवर ठेवलं. मग मृग लागला, आणि आषाढ-श्रावणात ती तीनदा पडली. एकदा खळ्यातल्या शेवाळावर, एकदा न्हाणीच्या पायरीवर, आणि एकदा रात्री वीज गेलेली असताना माजघराचा उंबरा ओलांडताना. हाड मोडलं नाही, हे नशीब.

यंदा पुन्हा तेच शिबिर घ्यायचं ठरतंय आणि गावात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, चाचणी ८७ टक्के अचूक आहे, गेल्या वर्षीच्या पत्रकावर छापलंच होतं. प्रत्येक वाडीत घ्या. दुसरा म्हणतो, हिरव्या कार्डाच्या तीन म्हाताऱ्या पडल्या, म्हणजे चाचणी खोटी. त्यापेक्षा त्या पैशांत गोळ्या वाटा. दोघं एकमेकांवर तावातावानं बोलतात, पण एक प्रश्न कुणीच विचारत नाही. अचूक म्हणजे कशाबाबत अचूक? मोतीबिंदू आहे की नाही, हा प्रश्न हो-नाहीचा आहे आणि त्याचं उत्तर त्याच दिवशी तपासता येतं. पडणं तसं नाही. ते आज होतं, पुढच्या महिन्यात होतं, एकाच आठवड्यात दोनदा होतं, मग सहा महिने होत नाही. माझं म्हणणं आधीच सांगते. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीचं भाकीत करणाऱ्या चाचणीची परीक्षा त्या घटना एकेक करून, तारखेनिशी मोजल्याशिवाय घेताच येत नाही. आमच्या गावात कोण किती वेळा पडलं याची नोंद कुठंच नाही. तेव्हा चाचणीला डोक्यावर घेणारा आणि तिला मोडीत काढणारा, दोघांच्याही हातात पुरावा नाही. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवली. माझ्याच घरात ही वेळ येईपर्यंत हे जाहीरपणे लिहावं असं मला सुचलं नाही, याची खंत आहे.

आता तो ८७ चा आकडा. तो कुणी मनानं काढलेला नाही. ही उठून चालण्याची चाचणी १९९१ मध्ये पॉडसिआड्लो आणि रिचर्डसन या संशोधकांनी मांडली, ती वृद्धांची हालचाल कितपत मोकळी आहे हे पाहायला. २००० साली अमेरिकेत शमवे-कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पडण्याशी जोडली. त्यांनी ३० माणसं घेतली. १५ जण आधीच्या सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा पडलेले, १५ जण न पडलेले. साडेतेरा सेकंदांवर रेघ मारली तेव्हा पडणाऱ्या १५ पैकी १३ रेघेच्या एका बाजूला आले आणि न पडणाऱ्या १५ पैकी १३ दुसऱ्या बाजूला. तेच हे ८७ टक्के. अभ्यासात खोट नव्हती, खोट आहे ती आपल्या वाचण्यात. ती माणसं आधीच पडलेली होती. चाचणीनं पुढचं सांगितलं नाही, मागचं ओळखलं. शिवाय एकदाच पडलेला माणूस त्या ३० जणांत नव्हताच. दोन टोकं समोरासमोर उभी केली होती, आणि टोकं ओळखणं सोपं असतं. पुढं २०१४ मध्ये निरनिराळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले, तेव्हा त्याच साडेतेरा सेकंदांच्या रेघेनं पडणाऱ्यांपैकी ३१ टक्केच पकडले आणि न पडणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांना बरोबर सोडलं. हे आपल्या वाडीवर मांडून पाहा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ६५ च्या पुढच्या शंभरातले २८ ते ३५ जण वर्षातून एकदा तरी पडतात. आपण ३० धरू. त्या ३० पैकी लाल कार्ड मिळेल ९ जणांना. न पडणाऱ्या ७० पैकी लाल कार्ड मिळेल १८ जणांना. २७ लाल कार्डांपैकी १८ उगाच, आणि पडणाऱ्या २१ जणांच्या हातात हिरवं कार्ड. माझ्या आईचं कार्ड त्या २१ मधलं.

अचूकतेच्या एकाच आकड्यानं माणसं फसतात, ही गोष्ट जुनी आहे. १८८४ मध्ये अमेरिकन लष्कराच्या हवामान विभागातल्या फिनली नावाच्या अधिकाऱ्यानं टोर्नेडो वादळांची भाकितं केली आणि ती ९६.६ टक्के बरोबर आल्याचं जाहीर केलं. एकूण २,८०३ भाकितं होती. त्याच वर्षी गिल्बर्ट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की फिनलीनं काहीही न बघता दर वेळी ‘वादळ होणार नाही’ एवढंच म्हटलं असतं, तर तो ९८.२ टक्के बरोबर ठरला असता. कारण २,८०३ पैकी वादळं झाली होती फक्त ५१ वेळा, आणि त्यातली २३ फिनलीच्या हातून निसटली होती. आपल्या कोकण किनाऱ्यावर हे कुणाला समजावून सांगायला नको. रोज सकाळी ‘आज वादळ नाही’ असं सांगणारं केंद्र वर्षातले बहुतेक दिवस खरंच ठरेल, पण त्याच्या भरवशावर कुठला तांडेल होडी पाण्यात लोटेल? समुद्राच्या बाबतीत आपण विचारतो, वादळ होतं त्या दिवशी तू काय सांगितलं होतंस. घरातल्या म्हातारीच्या बाबतीत मात्र टक्केवारी ऐकून मान डोलावतो.

आणि पडणं वादळाहूनही अवघड आहे, कारण ते एकाच माणसाला पुन्हा पुन्हा गाठतं. समजा, एका वाडीत वर्षभरात सात म्हाताऱ्या पडल्या. सहा जणी एकेकदा पडल्या: कुणी शेळीच्या दाव्यात पाय अडकून, कुणी ओल्या चिऱ्यावर घसरून. सातवी सात वेळा पडली. एकूण पडणी तेरा. आता दोन चाचण्या घ्या. पहिलीनं त्या सहा जणींना ओळखलं आणि सातवीला सोडलं. माणसं मोजली तर सातांपैकी सहा, म्हणजे ८६ टक्के. पत्रकावर छापायला झकास आकडा. पण पडणी मोजली तर तेरापैकी सहा, ४६ टक्के. दुसरीनं फक्त सातवीला ओळखलं. माणसांच्या हिशेबात ती १४ टक्क्यांची टाकाऊ चाचणी, पण पडण्याच्या हिशेबात तेरापैकी सात, ५४ टक्के. कुठली चाचणी तुमच्या गावात आणाल? मदतीला एकच फिजिओथेरपिस्ट असेल, आणि तोही आठवड्यातून एकदा तालुक्याहून येणारा असेल, तर त्याला कुणाच्या दारी पाठवाल? ‘पडला का? हो किंवा नाही’ असा रकाना भरला की सात वेळा पडलेली आणि एकदा पडलेली एकाच ओळीत बसतात. ‘दोन किंवा जास्त’ असा रकाना केला तरी दोनदा पडलेली आणि सातदा पडलेली सारख्याच. आशाताई घरोघरी जो आरोग्याचा फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांना उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, असा प्रश्न आहे. प्रश्न चांगलाच आहे. पण उत्तराला जागा हो-नाहीचीच.

इथं माझ्याच बाजूच्या एका मित्रानं मला अडवलं. म्हणाला, मग सरळ आहे, जी दोनदा पडली ती धोक्यातली, जी एकदाच पडली तिचं दुर्दैव. तसा भेद करा. हे पटण्याजोगं वाटतं, आणि तिथंच चूक आहे. १८९८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात घोड्याच्या लाथेनं मेलेल्या सैनिकांचे आकडे प्रसिद्ध केले. त्यातल्या दहा तुकड्यांच्या वीस वर्षांच्या दोनशे नोंदी संख्याशास्त्राच्या पुस्तकांत अजून छापतात. मीही दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीनमध्ये तीन, एकीत चार. एकूण १२२ मृत्यू. ज्या वर्षी ज्या तुकडीत चार मेले, तिथले घोडे जास्त मारके होते का? नाही. निव्वळ योगायोगानं १२२ मृत्यू दोनशे ठिकाणी विखुरले, तर जवळपास असंच वाटप होतं. दोनशेपैकी २६ ठिकाणी, म्हणजे १३ टक्के ठिकाणी, दोन किंवा जास्त मृत्यू पडतात, कुणाचाही काही विशेष दोष नसताना. हेच वाडीला लावा. सगळ्या म्हाताऱ्यांचा धोका तंतोतंत सारखा असला आणि वर्षाला शंभर जणींमागे साठेक पडणी असली, तरी बारा-तेरा जणी दोनदा किंवा जास्त पडलेल्या निघतीलच. म्हणजे ‘पुन्हा पडली’ एवढ्यानं ती जास्त अशक्त ठरत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. चाचणी कितीही उत्तम असली, प्रत्येकीचा खरा धोका तिला अगदी बरोबर कळला, तरी कोण नक्की किती वेळा पडेल हे ती शंभर टक्के सांगू शकणार नाही, कारण उरलेला भाग योगायोगाचा आहे. अचूकतेला मुळातच एक वरची हद्द आहे. ती हद्द किती, हे घटना मोजूनच कळतं. आणि ते न कळता चाचणीला शंभरपैकी गुण देणं म्हणजे पेपर किती मार्कांचा हे न बघता निकाल लावणं.

घोड्याच्या लाथा योगायोगानं विखुरल्या, पण म्हाताऱ्या माणसांची पडणी तशी विखुरत नाहीत. ती काही जणांकडेच गोळा होतात, योगायोगानं व्हावीत त्याहून जास्त. हा फरक ओळखायचा कसा, हे शंभर वर्षांपूर्वी ठरलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या अपघातांचा हिशेब ग्रीनवुड आणि वुड्स यांनी १९१९ मध्ये मांडला, आणि १९२० मध्ये ग्रीनवुड आणि यूल यांनी त्याचं गणित बसवलं. एकही अपघात न झालेल्या बायकाही अपेक्षेहून जास्त, आणि पुन्हा पुन्हा अपघात झालेल्याही जास्त. कारणं दोन असू शकतात. काहींचा धोका मुळातच जास्त असेल; किंवा पहिल्या अपघातानं त्या बाईत काही बदल झाला असेल आणि म्हणून दुसरा झाला असेल. वर्षाच्या शेवटी नुसती बेरीज बघून ही दोन कारणं वेगळी करता येत नाहीत, त्यासाठी तारखा लागतात. पण जगानं एवढं थांबून ऐकलं नाही. पुढची काही दशकं ‘अपघातप्रवण माणूस’ ही कल्पना कारखान्यांत फार चालली, कारण यंत्राला कठडा बसवण्यापेक्षा बाईवर ठपका ठेवणं स्वस्त पडत होतं. आपल्या घरांत आज वेगळं काय होतं? लाल कार्ड आलं की म्हातारीचा घडा बंद, खळ्यात जाणं बंद, तुळशीला पाणी सून घालणार. खळं घासून शेवाळ काढायला मात्र कुणाला वेळ नसतो.

पहिलं पडणं माणसाला बदलतं, हे मी घरात पाहिलं. श्रावणात उंबऱ्यावर पडल्यानंतर आई भिंत धरून चालायला लागली. मांडीचा मुका मार आठ दिवसांत बरा झाला, पण भिंत सुटली नाही. पडल्यानंतर येणाऱ्या या धास्तीला मर्फी आणि आयझॅक्स यांनी १९८२ मध्येच आजाराचा दर्जा दिला होता. धास्तीनं चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की मांड्यांतली ताकद जाते, ताकद गेली की पुन्हा तोल जातो. मे महिन्यात ११ सेकंदांत फेरी मारणारी माझी आई आणि भाद्रपदातली माझी आई, या चाचणीच्या दृष्टीनं दोन वेगळ्या बायका आहेत. मग मेमधल्या एका कार्डानं वर्षभराचं भाकीत कसं होईल? मे महिन्यात आपली जांभ्याची पायरी कोरडी खडखडीत असते. तिच्यावर पुढच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणार असतो. चाचणी माणसाची झाली, पायरीची झालीच नाही.

मोजायचं तर कशानं भागायचं, हाही प्रश्न आहे. जिला आम्ही खुर्चीत बसवली ती पडत नाही. म्हणजे ती सुधारली का? जी रोज पाणंदीनं उतरून शेतात जाते, काजूच्या बिया वेचते, विहिरीवर जाते, ती वर्षातून दोनदा घसरली तर ती जास्त धोक्यात का? ती पायांवर उभी किती असते, त्या हिशेबानं तिची पडणी कदाचित सगळ्यांत कमी भरतील. आणखी एक गोष्ट आहे, जी लिहिताना हात थांबतो. जी पहिल्याच पडण्यात खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली, ती दुसऱ्यांदा पडतच नाही. नोंदवहीत ती ‘एकदाच पडलेली’ म्हणून, म्हणजे बऱ्या गटात, जमा होते. आणि आपल्याकडची खास गोष्ट: गणपती झाले की मुलगा आईला मुंबईला घेऊन जातो. सहा महिने ती डोंबिवलीत किंवा विरारला. तिथं ती पडली तर गावच्या नोंदीत ते येत नाही. नोंद म्हणते, ऑक्टोबरनंतर पडली नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. या आकड्यांमागे चाकरमान्यांची बंद घरं आहेत आणि त्या घरांत एकट्या राहणाऱ्या बायका आहेत. किती दिवस पाहिलं आणि त्या दिवसांत किती वेळा पडली, असं प्रत्येकीचं वेगवेगळं लिहिलं तरच हिशेब खरा होईल. सगळ्यांना एक वर्ष धरलं की तो खोटा होतो.

आता विरोधातलं जे सगळ्यांत जड आहे ते घेते. पहिलं, माणसं सांगत नाहीत. हे खरं आहे. आईच्या न्हाणीतल्या पडण्याचा पत्ता मला तिच्या कोपराला काळंनिळं दिसलं तेव्हा लागला. विचारलं तर म्हणाली, “पडाक नाय गो, पाय घसारलो नि खाली बसलंय.” तिच्या लेखी ते पडणं नव्हतंच. विसरणंही तितकंच खरं. १९८८ मध्ये कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी साठीपुढच्या माणसांवर वर्षभर लक्ष ठेवलं आणि नंतर त्यांना विचारलं. किती मागचं विचारलं त्याप्रमाणे, खात्रीनं पडलेल्यांपैकी १३ ते ३२ टक्क्यांना ते आठवलंच नाही. पण यावरून ‘मोजता येत नाही’ हा निष्कर्ष निघतो की ‘वर्षाच्या शेवटी विचारून मोजता येत नाही’ हा? युरोपातल्या तज्ज्ञांनी २००५ मध्ये एकत्र बसून हेच ठरवलं. अनपेक्षितपणे जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येणं म्हणजे पडणं. आणि त्याची नोंद रोजच्या रोज, ती गोळा करायची निदान महिन्याला. या व्याख्येनं आईचं ‘खाली बसलंय’ हेसुद्धा पडणंच.

दुसरा आक्षेप त्याहून जड आहे, आणि तो घेणारी माणसं माझ्यापेक्षा अनुभवी आहेत. ती म्हणतात, भाकिताचा नादच सोडा. इंग्लंडमध्ये रुग्णालयात कोण पडेल हे सांगणारी गुणांची यादी ऑलिव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये बनवली. अकरा वर्षांनी त्याच ऑलिव्हर यांनी अशा याद्या आता थांबवाव्यात का, असा लेख लिहिला. २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट सांगितलं की दाखल रुग्णांसाठी भाकिताच्या याद्या वापरू नका, ६५ च्या पुढच्या प्रत्येकाला धोक्यातला समजा आणि त्याची काळजी घ्या. हे मला मान्य आहे, आणि स्वतःच बनवलेली गोष्ट अशी परत घेणाऱ्या माणसाबद्दल आदर आहे. पण त्यांनी हे ठरवलं ते कशाच्या जोरावर? वॉर्डात प्रत्येक पडणं नोंदवलं जात होतं म्हणून. यादी चालत नाही हे त्यांना मोजूनच कळलं. आपण न मोजता याद्या आणतो आणि न मोजता त्या फेकून देतो. शिवाय वॉर्डात वीस खाटा आणि चोवीस तास परिचारिका असतात. आमची वाडी डोंगराच्या उतारावर दोन किलोमीटर पसरलेली आहे. प्रत्येक घरात पायरीला कठडा, न्हाणीत धरायला दांडी, रात्री उजेड, हे सगळ्यांना द्याच. त्याला कुठल्याही कार्डाची गरज नाही आणि ते शिबिराआधी व्हायला हवं. पण व्यायाम शिकवायला येणारा माणूस, चक्कर आणणाऱ्या गोळ्या तपासणारा डॉक्टर, यांचा वेळ मोजका आहे. तो कुणाला आधी द्यायचा हे ठरवावं लागतंच. यादी नसली तर ते ओळखीनं ठरतं.

तिसरा आक्षेप हुशार आहे. समजा चाचणीनं एकीला बरोबर ओळखलं, आपण तिला व्यायाम दिले, कठडा लावला, ती पडली नाही. आता हिशेबात चाचणी चुकली ना? चुकल्यासारखी दिसते खरी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्याआधी हजारो माणसं हलवली होती. जी माणसं वाचली त्यांच्यावरून कुणी ‘भाकीत खोटं होतं’ असं म्हटलं नाही, कारण उन्मळलेली नारळ-सुपारीची झाडं आणि उडालेले पत्रे सगळ्यांना दिसत होते. टळलेलं पडणं मात्र कुणाला दिसत नाही. म्हणूनच नोंदीत मदतीचीही तारीख हवी: कठडा कधी बसला, गोळी कधी बदलली. ‘पडता पडता सावरलं’ हेही लिहायला हवं. कठड्याआधी काय चाललं होतं आणि नंतर काय, हे एकाच माणसाचं शेजारी शेजारी दिसलं की चाचणी चुकली की मदत लागू पडली, हे बरंचसं उलगडतं. वर्षाच्या शेवटच्या एका हो-नाहीतून ते कधीच उलगडणार नाही.

हे सगळं लिहिणार कोण, असं विचारतात. आशाताईंवर आणखी एक फॉर्म टाकू नका, हे मलाही पटतं. पण आपल्या प्रत्येक घरात रोजची नोंद आधीपासून चालूच आहे. माजघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. त्यावर दूध किती घेतलं, गॅसचा सिलिंडर कधी लावला, गाय कधी फळली, गडी किती दिवस आला, सगळं त्या चौकोनांत असतं. आईला फार लिहिता येत नाही, पण खिळ्याला सुतळीनं पेन बांधलेलं आहे आणि गवळ्याचा हिशेब ती तीस वर्षं त्याच पेनानं ठेवते. उंबऱ्यावर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, जमिनीवर आलीस तर फुली, सावरलीस तर टिंब. का पडलीस हे मी विचारणार नाही आणि त्यावरून तुझं कुठं जाणं बंद करणार नाही. हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं होतं. त्याशिवाय तिनं एकही फुली मारली नसती. श्रावणाच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत पानावर दोन फुल्या आणि नऊ टिंबं आली. फुलीशेजारी तिनं आपल्या मनानंच खूण करायला सुरुवात केली, न्हाणीसाठी तांब्या आणि खळ्यासाठी तुळस. नवापैकी सहा टिंबांशेजारी तांब्या होता. विचारलं तेव्हा कळलं, पहाटे चार-साडेचारला ती दिवा न लावता उठते, माझी झोप मोडू नये म्हणून. रक्तदाबाची गोळी ती रात्री उशिरा घ्यायची, ती डॉक्टरांनी वेळ बदलून दिली. न्हाणीच्या दाराशी मी एक छोटा दिवा रात्रभर चालू ठेवते. त्यानंतरच्या पानावर तांब्या एकदाच आहे.

एका घरावरून चाचणीचा निकाल लागत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. वाडीतल्या साठ घरांच्या भिंतींवर मृगापासून दिवाळीपर्यंत फुल्या आणि टिंबं पडली, मुंबईला गेलेली पान सोबत घेऊन गेली, आणि मेमधली कार्डं त्या पानांशेजारी मांडली, तर निकालाला सुरुवात होईल. ती साडेतेरा सेकंदांची रेघ आमच्या पायऱ्यांना लागू आहे का, की ती दहावर आणावी लागेल, की चालण्याच्या वेळेपेक्षा ‘गेल्या पावसात किती फुल्या’ हा एकच प्रश्न जास्त पुढचं सांगतो, हे तेव्हा कळेल. मला वाटतं तो प्रश्नच जिंकेल. पण माझं वाटणं बाजूला ठेवा. शिबिर भरवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. यंदाच्या पत्रकावर ८७ टक्के छापू नका. त्या जागी छापा: येताना आधारकार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि गेल्या पावसाळ्यातली कालनिर्णयाची पानं घेऊन या. आणि ज्यांच्याकडे ती पानं नसतील, त्यांच्या हातात कार्ड देण्याआधी एक पेन आणि सुतळी द्या.